इयत्ता तिसरी, समान वाटणी

१६ जून

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी डोकं फिरलं.

व्हॅन सव्वासातला येणार म्हणून सांगितलं होतं. आली आठला. ड्रायव्हर म्हणतो, "वहिनी, पाऊस हाय." पाऊस काय दिघीत यंदाच पडायला लागला? पोरगी पाऊण तास छत्री धरून रस्त्यावर उभी, नवे बूट पाण्यात. व्हॅनचे पैसे मात्र आगाऊ घेतले.

प्राप्ती तिसरीत गेली. तिच्या दुसरीच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांच्यावर लिहिते आहे. कुणाशी बोलायची सोय नाही. सासूशी बोललं की भांडण होतं, शेजारी बोललं की संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. वही बरी. उलट बोलत नाही.

मासेमारी बंदीचे दिवस आहेत. सगळ्या होड्या वर ओढून, ताडपत्री घालून ठेवल्यात. सगळ्यांचे नवरे घरी, ओटीवर जाळी शिवत बसलेत. व्हॅनची वाट बघताना प्राप्तीने विचारलं, "आये, सगल्यांचे बाबा आले. आपला कवा येल?"

मी म्हटलं, "त्याची बोट मोठी हाय. लांब असते. तिला बंदी लागत न्हाय."

ती बुटातलं पाणी बघत बसली.

कमलेशने मागच्या दिवाळीनंतर रत्नागिरीकडे बोट धरली. शिमग्याला कळलं की बोटीबरोबर बाईपण धरली. तिच्याच घरात राहतो. प्राप्तीला सांगितलेलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं ते कुठल्या शाळेत शिकवतात?

२१ जून

पालक सभा. सकाळी दहाला. माणगावचा बाजार बुडवून गेले, सुकटीची पाटी शेजारच्या नीराबाईच्या हवाली करून.

वर्गाच्या बाई नवीन आहेत. कल्पिता मॅडम. पनवेलकडच्या, पंचविशीच्या असतील. आवाज गोड. सगळ्यांना एकेक छापील कागद दिला. वर लिहिलंय, "इयत्ता तिसरी : या वर्षी पालकांनी काय अपेक्षा ठेवावी". तो इथे मागच्या पानावर भाताच्या शितांनी एका कडेने चिकटवून ठेवलाय. वर्षाअखेर एकेक ओळ बोट ठेवून विचारणार आहे बाईंना.

मूल तीन अंकी संख्या वाचेल. मूल दहापर्यंतचे पाढे म्हणेल. मूल उतारा वाचून उत्तरं देईल. मूल भागाकार म्हणजे समान वाटणी हे समजून घेईल.

इथवर ठीक. कागद उलटला तर मागे "पालकांकडून अपेक्षा". ह्यांची एक बाजू, आमची दुसरी. रोज अर्धा तास मुलाच्या वह्या बघा. सभेला आई-वडील दोघांनी या. डब्यात उग्र वासाचे पदार्थ देऊ नका.

उग्र वासाचे! नाव घ्यायला काय झालं होतं? वर्गात तीस पालक होते, त्यात कोळ्यांची मी एकटी. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं, ते जास्त लागलं.

शेवटी सही करायला गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, "प्राप्तीचे बाबा नाही आले?"

"बोटीवर असतात."

"पण सध्या बंदी असते ना मासेमारीला?"

पनवेलच्या बाईलाही बंदी माहीत आहे. मी म्हटलं, बोट मोठी आहे.

२३ जून

डब्यात बटाट्याची भाजी. प्राप्तीने अर्धी परत आणली.

१० ऑगस्ट

होड्या गेल्या, होड्या आल्या. जेट्टीला परत जीव आला. आज रविवार म्हणून प्राप्ती माझ्याबरोबर आली.

आम्ही चौघी बाया मिळून लिलावात एक टोपली उचलतो. वाटे मी घालते. माझ्या हातचे वाटे सारखे पडतात, सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यात एक कायदा आहे — जिने वाटे घातले तिने शेवटचा उचलायचा. मग वाटे आपोआप सारखे पडतात, कमी-जास्त केलंस तर कमी तुझ्याच पाटीत येणार. प्राप्ती बाजूला बसून बघत होती.

"आये, सगल्या घेऊन गेल्यावर तुला उरलाच न्हाय तर?"

"उरतो. मोजताना वाटनारीला धरायचं, मंग उरतो."

तिने मान हलवली. मोठ्या बाईसारखी.

घरी दोन बांगडे आणले. आणि तिथे सुरू झालं.

आमच्या घरातली जुनी रीत आहे. दर्यावर गेलेल्या माणसाचा वाटा आधी काढायचा, ताटलीत झाकून फळीवर ठेवायचा, मग बाकीच्यांनी जेवायचं. तो आठ दिवस येणार नसला तरी. सासूने सासऱ्यांसाठी तीस वर्षं काढला, नंतर कमलेशसाठी. लग्न होऊन आले तेव्हा मला ही रीत फार आवडली होती. काय सांगू.

आज म्हातारीने चार तुकड्यांतला एक उचलून ताटलीत ठेवला. मी ताटली घेतली आणि तुकडा परत टोपात टाकला. पोरगी समोर होती म्हणून हळू बोलले, पण बोलले. "आजपासून जो घरात जेवतो त्याचाच वाटा."

सासू म्हणे, "माजा पोरगा हाय तो."

मग तुझा पोरगा तुला विचारत का नाही? हे बोलले नाही. सासूला दोन तुकडे, प्राप्तीला दोन. मला नको होतं. दिवसभर म्हावऱ्यात हात, घरी आल्यावर वासही नको वाटतो. रस्सा-भात खाल्ला.

११ ऑगस्ट

सकाळी बघते तर फळीवर ताटली. काल रात्रीचा स्वतःच्या पानातला तुकडा ठेवला होता म्हातारीने. मांजराला घातला.

१८ सप्टेंबर

आज शाळेच्या डायरीत लाल शाईने : "गणितात लक्ष द्यावे. शाब्दिक उदाहरणे समजत नाहीत. पालकांनी भेटावे." खाली वेळ दिली आहे, सकाळी साडेदहा.

साडेदहा! भरती आज आठला. होड्या त्याच पाण्यावर आत येतात, लिलाव दहापर्यंत चालतो. साडेदहाला मी म्हावरं बर्फात भरून टेम्पोत चढलेली असते. नाही चढले तर ते म्हावरं मॅडम घेणार आहेत का? शाळा घड्याळावर, आम्ही पाण्यावर. व्हॅनवाल्याबरोबर निरोप दिला की दुपारी तीनला येते. निरोप आला की तीनला मॅडम नसतात.

प्राप्तीला विचारलं, काय समजत नाही तुला? "समजतं," म्हणाली. मग लाल शाई कशाला आली?

पाढे म्हणायला लावले. दहापर्यंत घडाघडा म्हणाली. सातच्या पाढ्यात मीच अडखळले, तिने दुरुस्त केलं. ही पोरगी ढ आहे म्हणे.

९ ऑक्टोबर

सहामाहीचा गणिताचा पेपर. पन्नासपैकी बावीस. वर्गात हिला आता शेवटच्या बाकावर बसवलंय, "सराव गट" असं नाव दिलंय त्याला. ढ पोरांच्या रांगेला चांगलं नाव दिलं म्हणजे ती हुशारांची होते की काय?

प्रगतिपुस्तकात शेरा आहे — "पालकांचे सहकार्य मिळत नाही." पहाटे चारला उठून हिचा डबा करते, युनिफॉर्मला इस्त्री करते, मग बर्फ फोडायला जाते. दुपारी चार तास बाजारात उन्हात बसते, त्यातून हिची फी जाते. हे सहकार्य नाही. सहकार्य म्हणजे साडेदहाला येऊन बाकावर बसणं.

सही केली. इतकी दाबून केली की मागच्या पानावर उमटली. वडिलांच्या सहीची जागा रिकामी ठेवली.

१६ नोव्हेंबर

म्हातारी आणि पोरगी झोपल्यावर लिहिते आहे.

रविवार. म्हटलं, होऊन जाऊ दे "पालकांकडून अपेक्षा" क्रमांक एक. दुपारी जेवण होईपर्यंत अर्धा तास तिची गणिताची वही घेऊन बसले. मी दहावी नापास आहे, पण बाजारात आजवर मला कुणी फसवलेलं नाही. आकडे मला कळतात.

आईने १२ लाडू ३ मुलांना सारखे वाटले, प्रत्येकाला किती? हिने लिहिलंय तीन. लाल फुली. ताईने २० पेरू ४ मैत्रिणींना वाटले. हिने लिहिलंय चार. फुली. आजोबांनी ३० बोरं ५ नातवंडांना दिली. हिचं उत्तर पाच. फुली.

आणि त्याच पानावर खाली, वीस भागिले चार — पाच. बरोबर. चोवीस चेंडू, एका खोक्यात सहा, तर खोकी किती? चार. बरोबर.

मी दोनदा वाचलं. तीन मुलं असली की ही चार वाटे करते. चार असली की पाच. जिथे माणूस वाटायला बसला तिथे एक वाटा जास्तीचा. खोक्यांत चूक नाही, नुसत्या आकड्यांत चूक नाही.

विचारलं, "हा जास्तीचा वाटा कुनाचा?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. "तो काढाय लागतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरात फळीवर ताटली वाजली. म्हातारी बोंबलाचा तुकडा झाकून ठेवत होती. ऑगस्टपासून रोज चोरून ठेवत होती, मला माहीत नव्हतं असं नाही, पण आज ते डोळ्यांसमोर झालं. आणि मला सगळं लख्ख दिसलं. आजीने फळीवर काढायचा, नातीने वहीत काढायचा. ज्याने ढुंकून बघितलं नाही त्याच्यासाठी पोरगी इतके महिने फुल्या खातेय, शेवटच्या बाकावर बसतेय.

मी मारलं तिला. कानाखाली, जोरात. "त्याचा वाटा काढतेस? तो काय आपल्याला —" इथे जीभ चावली.

रडली नाही. वही मिटली, दप्तरात ठेवली, चेन लावली. म्हातारी मध्ये पडली तर तिलाही बोलले. ताटली अंगणात फेकली. स्टीलची आहे, फुटलीसुद्धा नाही.

पोरीला ताकीद दिली — पुस्तकात जितकी माणसं तितकेच वाटे. कळलं? मान हलवली.

जेवण दोघींना वाढलं. माझी भूक मेली होती.

१७ नोव्हेंबर

गालावर वळ दिसत होता. पावडर लावून पाठवली. स्वतःची लाज वाटते, पण राग जास्त आहे, त्यामुळे लाजेला जागा मिळत नाही.

२० डिसेंबर

स्नेहसंमेलन. शाळेने कुठला नाच बसवला असेल? कोळी नाच. सोळा मुली, भाड्याची लुगडी, डोक्यावर प्लास्टिकची पाटी, पाटीत पुठ्ठ्याचे पापलेट. त्यात खरी कोळ्याची पोर एकच. तिला सगळ्यात पुढे उभी केली, "तिला येत असेलच" म्हणून.

म्हणजे डब्यात म्हावरं नको, स्टेजवर कोळीण पाहिजे.

लुगडं नेसवायला मलाच बोलावलं. सोळाच्या सोळा मुलींना मी नेसवलं, दीड तास लागला. तेव्हा मात्र "पालकांचे सहकार्य" मिळालं. मॅडम म्हणाल्या, "किती पटापट करता हो तुम्ही." मी पुढच्या पोरीचा कासोटा आवळला. तोंड उघडलं असतं तर कार्यक्रम बंद पडला असता.

प्राप्ती चांगली नाचली. नाचताना हसत होती. नोव्हेंबरनंतर मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

२४ जानेवारी

चाचणीचा पेपर आला. वाटणीची पाच उदाहरणं होती. पाचही कोरी सोडलीत.

चुकीचं लिहिलं नाही. माझं ऐकून बरोबरही लिहिलं नाही. जागाच रिकामी. मी समोर पेपर धरला आणि विचारलं, येत नव्हतं का? "येत होतं." मग? "तसं लिवायचं नव्हतं."

कुणावर गेलीय इतकी हट्टी? सासू म्हणाली, "आरशात बघ."

७ फेब्रुवारी

व्हॅनवाल्याने पाकीट दिलं. आत संमतीपत्र.

"आमच्या पाल्याची प्रगती अपेक्षेप्रमाणे नसल्याने तिला पुढील वर्षी पुन्हा इयत्ता तिसरीत बसवण्यास आमची संमती आहे." खाली दोन सह्या. आई. वडील. महिनाअखेरपर्यंत आणून द्या म्हणे.

नापास करता येत नाही, म्हणून आमच्याकडून लिहून घ्यायचं. ते करणार काही नाहीत, आम्हीच आपल्या हाताने पोरगी मागे ओढायची. तिच्या वर्गातल्या सगळ्या चौथीत जाणार, ही त्याच वर्गात, त्याच बाकावर, ह्या वर्षीच्या दुसरीतल्या पोरांबरोबर. वाडीत तिला काय म्हणतील ते मला आजच ऐकू येतंय. बाप गेला आणि पोरगी पण बसली. अगदी असंच म्हणतील.

सही करणार नाही. मेले तरी नाही.

पण नाही केली तर? मॅडमनी पाकिटावर लिहिलंय, "तिच्या भल्यासाठी." खरंच चौथीत जाऊन ती आणखी मागे पडली तर ते माझ्यावरच येणार. मला भीती वाटते. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

८ फेब्रुवारी

कमलेशला फोन केला. शिमग्यानंतर पहिल्यांदा. पोरीचं आहे म्हणून केला, नाहीतर त्याचा आवाज ऐकायची मला हौस नाही.

सगळं सांगितलं. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. म्हणाला, "बसव की तिसरीत. काय फरक पडतो? पोरीची जात. चंदरबरोबर कागद पाठव, सही करून देतो." चंदर म्हणजे त्याचा दोस्त, आठवड्याला मासळीची गाडी घेऊन तिकडे जातो.

काय फरक पडतो! त्या पोरीने तुझ्यासाठी मार खाल्ला, भाड्या. फोन कापला.

त्याची सही मला करता येते. बँकेच्या कागदांवर कितीदा मीच केली आहे. एक क्षण मनात आलं, करून टाकावी आणि मोकळं व्हावं. कागद तांदळाच्या डब्याखाली सारला.

२१ फेब्रुवारी

आज गेले. वेळ मागितली नाही, निरोप दिला नाही. बाजार अर्ध्यावर सोडून उतरले ती तशीच, साडीला बर्फाचं पाणी, हाताला वास. उग्र वास. म्हटलं, घ्या.

शाळा सुटत होती. मॅडम वर्गात एकट्या वह्या तपासत होत्या. मी कागद बाकावर आपटला.

"सही मिळणार नाही. एकीची नाही आणि दुसऱ्याची तर नाहीच."

"बसा ना तुम्ही."

"बसायला नाही आले. वही काढा तिची."

वही काढली. मी बोट ठेवून दाखवलं. हे बघा, हे बघा, हे बघा. तिनाचे चार, चाराचे पाच. खोकी बरोबर, आकडे बरोबर. हिला भागाकार येतो, तुमच्यापेक्षा चांगला येतो. इतके महिने फुल्या मारताना तुम्हाला हे दिसलं नाही? मला दहावी नापासला दिसलं.

मॅडम पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा एक वाटा कुणाचा असेल?"

आणि मी बोलून गेले. जे वाडीत कुणाला तोंडाने सांगितलं नाही ते या परक्या बाईला सांगितलं. तिचा बाप बोटीवर नाही. दुसरीकडे राहतो. आमच्या घरात दर्यावर गेलेल्याचा वाटा काढायची रीत आहे, पोरगी तो वहीत काढते. मी त्यासाठी मारलं तिला. तेव्हापासून ती उत्तरंच लिहीत नाही. बोलताना रडले. रागाने रडले, मला तसं रडता येतं.

मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाल्या, "मी तिला एकदाही विचारलं नाही. उत्तर बघितलं आणि फुली मारली. चुकलं माझं." आणि मग, "तोंडी घेते तिची. तोवर हा कागद माझ्याकडे राहू दे."

मी म्हटलं, "आधी घ्यायला काय झालं होतं?"

"काही नाही झालं होतं," म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं मान्य.

निघताना म्हणाल्या, पुढची सभा दुपारी चारला ठेवते. मी आभार मानले नाहीत. सप्टेंबरात ठेवली असती तर मानले असते.

१२ मार्च

शाळेच्या डायरीत मॅडमचं अक्षर. ह्या वेळी निळी शाई.

"तोंडी परीक्षा घेतली, चिंचोके मांडून. प्राप्तीला सर्व येते. संमतीपत्र मी फाडून टाकले आहे, ती चौथीत जाईल. पुस्तकातल्यासारखं कसं लिहायचं ते आम्ही दोघींनी ठरवलं आहे. तो एक वाटा कुणाचा, हेही तिने मला सांगितलं. मी इथे लिहीत नाही. तुम्ही तिला विचारा."

चौथीत जाईल. हे चार वेळा वाचलं. सासूला वाचून दाखवलं, ती देवाला हात जोडायला लागली. हात कशाला जोडते, मी गेले होते भांडायला.

पण शेवटची ओळ कशाला? कुणाचा ते मला माहीत आहे. मीच तर मॅडमना सांगितलं. परत त्याचं नाव पोरीच्या तोंडून मला ऐकायचं नाही.

१३ मार्च

विचारलं नाही.

१५ मार्च

विचारलं.

दुपारी मांदेली तळत होते. प्राप्ती ताटं मांडत होती, दोन, नेहमीसारखी, तिचं आणि आजीचं. म्हटलं, "तो वहीतला वाटा बाबाचा ना?"

"न्हाय. बाबा दर्यावर न्हायच. बंदीत सगल्या बोटी आल्या, तो आला न्हाय, तवाच कललं मला."

"मंग कुनाचा?"

"तुजा," म्हणाली. "वाटनारीचा. मोजताना तिला धरायचं, तूच म्हनालीस. जेट्टीवर घेतेस. घरी कदी घेत न्हाईस."

ह्यासाठी मी तिला मारलं होतं.

मांदेली बारा होती. तिसरं ताट तिनेच आणून मांडलं. चार-चार आली.